सगळ्यांचं झाल्यावर

वडील गेल्यापासून आई वाळत चालली आहे. डॉक्टरांनी सगळं तपासलं, दूध, अंडी, डाळी खायला सांगितल्या. ती मान डोलावते आणि मला फोनवर म्हणते, "अगं, भूकच लागत नाही."

काल दुपारी गावी पोचले, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. समोर इमारतीचं काम चालू आहे. सावलीत तीन कामगार डबे उघडून बसले होते.

"त्या टोपीवाल्याची बायको बघ, रोज आपली भाकरी नि ठेचा. एखादी भाजी द्यायला काय होतं मेलीला?"

"आई, तू जेवलीस?"

"थांब की. त्यांचं होऊ दे."

कामगारांनी हात धुतले, डबे बांधले. मग आईने ताट घेतलं आणि आमटी-भात शेवटच्या शितापर्यंत जेवली.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती सगळ्यांच्या मागून जेवत आली. आधी सासू-सासरे, मग आम्ही मुलं, शेवटी एकटे वडील. ते हात धुवायला उठले की तिला भूक लागायची. हे कुठल्या तपासणीत कळणार?

संध्याकाळी कामगार घरी जातात. रात्री काय खातेस, असं विचारलं तर तिने विषय बदलला.

आज निघताना समोर पाहिलं. वरच्या मजल्यांना रंग लागला आहे. आता खालचे दोनच उरलेत.