कल्ले नसलेला मासा

कल्ले उघडून लालभडक दिसल्याशिवाय बाबा कधी पापलेट घेत नसत. पण मीरा रोडच्या एका दुकानातून ‘रबर ईल’ नावाचा मासा म्हणून हा काळा, हातभर लांब प्राणी मात्र त्यांनी न बघताच आणला. तो सारखा नाक वर काढून हवा घ्यायचा आणि गांडुळं गिळायचा. ती सोसायटीच्या बागेत उकरायची कोणी? मी!

दारावर येणारी कोळीण काचेच्या टाकीत वाकून म्हणाली, “दादा, याला कल्लेच न्हाय. हा मासा न्हाय.”

सायबर कॅफेत शोधून मीही सांगितलं, हे पाण्यातलं देवगांडूळ आहे, बेडकाचा भाऊबंद. बाबा माझ्यावरच खेकसले.

मग एका सकाळी टाकीत पाच पिल्लं! अंडी नाहीत, थेट पिल्लं, आणि मानेला फुग्यासारखे कल्ले. “बोलवा त्या कोळणीला! म्हणावं, बघ कल्ले!” बाबा ओरडले.

ती दुसऱ्या दिवशी आली. तोवर पिल्लांचे कल्ले गळून तळाशी पडले होते.

तिने टोपलीतलं पापलेट उचललं, कल्ले उघडून बाबांच्या नाकासमोर धरलं. “दादा, मासा हा.”

बाबांनी दोन घेतली.