गाळवाल्यांचा आवाज

आमच्या ऑफिसात तिला सगळे ‘बाराखडी’ म्हणायचे. तोंडावरसुद्धा. तीही ओ द्यायची. मी मात्र ताई म्हणायचो, कारण माझी खुर्ची तिच्या शेजारी होती आणि पहिल्याच आठवड्यात तिनं मला दोनदा साहेबांच्या तावडीतून सोडवलं होतं.

आम्ही कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो. सध्याचा खेळ अशा जगातला, जिथं आकाशात जहाजं बुडतात, मंत्रानं इंजिन सुरू होतं आणि प्रत्येक ग्रहावर वेगळी जमात राहते. प्रत्येक जमातीला स्वतःची भाषा हवी, असा साहेबांचा हट्ट. ती भाषा कशी ऐकू येईल, हे ताई ठरवायची. शब्द आणि व्याकरण नंतर, ते दुसरे लोक करायचे. तिचं काम आवाजांचं. तिनं काढलेले आवाज खेळात नीट बसवणं हे माझं.

तिची एक पद्धत होती. चित्रकारांनी नवी जमात काढली की ती आधी तिचं तोंड मागायची.

“मला कपडे नकोत, शिंगं नकोत. जबडा दाखवा. जीभ केवढी, दात कुठं, ओठ आहेत का?”

चोचीची माणसं आली तेव्हा दोन दिवस ती ओठ न मिटता बोलत फिरत होती. चहाचा कप तोंडाला लावून सगळा अंगावर सांडला. मग म्हणाली, “ओठ नाहीत म्हणजे प, ब, म गेले. या लोकांना आई म्हणता येईल, बाबा म्हणता येणार नाही. बापानं आपलं दुसरं काहीतरी बघावं.”

“आणि मामा?” मी विचारलं.

“मामा, मावशी दोन्ही बाद. आत्या चालेल.”

एकेका जमातीला तिला तीन-तीन आठवडे लागायचे. आरशासमोर तोंड वेडंवाकडं करायची, टाळूला जीभ लावून बसायची, घशावर बोट ठेवून कुठं थरथर होते ते बघायची. नवीन माणूस आला तर त्याला वाटायचं, हिची दाढ दुखतेय.

गाळवाल्यांचं मात्र तिनं दोन दिवसांत उरकलं.

गाळवाले म्हणजे बुडालेल्या जहाजांच्या चिखलात राहणारे, भंगार वेचून जगणारे. चित्रकारानं त्यांना तोंडात वरच्या बाजूला फट दिली होती. नाक आणि तोंड आत एकच. ताईनं ते चित्र पाहिलं, नेहमीसारखे प्रश्न विचारले नाहीत, आरसाही काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मला रेकॉर्डिंगच्या खोलीत बोलावून म्हणाली, “लाव, ऐक.”

नमुना तिनं स्वतःच्याच आवाजात केला होता. पिलं हरवलेली एक गाळवाली त्यांना हाका मारतेय. क, ट, प यांच्या जागी घशात एक बारीकसा अडखळ होता. स म्हणायच्या जागी नाकातून वारा. आणि स्वर मात्र भरलेले, लांब, मऊ. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, “ताई, हे तुमचं सगळ्यांत भारी काम आहे. सुचलं कसं एवढ्या लवकर?”

“सुचायचंय काय त्यात,” ती म्हणाली आणि वायर गुंडाळायला लागली.

आता गंमत अशी की आवाज तिचा असला तरी गोष्ट लिहिणारे दुसरे. त्यांनी गाळवाल्यांना खेळातले विनोदी चोर करून टाकलं. सामान पळवायचं, पाय घसरून पडायचं, आणि पडता पडता नाकात बडबडायचं. त्यासाठी नकलाकार बोलावला. माणूस हुशार, दहा जणांचे दहा आवाज काढणारा. त्यानं ताईचा नमुना दोनदा ऐकला आणि मग जे सुरू केलं, त्यानं काचेच्या अलीकडे आम्ही सगळे हसून लोळायला लागलो.

“अजून नाकात!” साहेब माइकवर ओरडले. “अजून!”

त्यानं अजून नाकात केलं. साहेबांनी डोळे पुसले आणि विचारलं, “बाराखडी, बरोबर आहे ना?”

ताई हसली. अंगठा वर केला. मीही हसत होतो, त्यामुळे तिचं हसणं कसं होतं ते मी पाहिलं नाही. नंतर ती बराच वेळ तोंड धूत होती, एवढं आठवतं.

खेळ बाजारात जायच्या आधी आमच्याकडे घरच्या माणसांना तो दाखवायची पद्धत आहे. एक दुपार, मोठा पडदा, खुर्च्या, बिस्किटं. ताईच्या घरून कधी कुणी आलं नव्हतं. तिची आई लहानपणीच गेली, वडील फिरतीवर, वाढवलं आत्यानं, एवढंच आम्हाला ठाऊक. या वेळी ऑफिसनं आमंत्रणं परस्पर घरी पाठवली. आणि दुपारी दारात इस्त्रीचे कपडे घातलेली, पांढऱ्या केसांची एक बाई उभी.

ताई माझ्याशेजारी होती. तिच्या हातातली बशी कलली.

आत्या सरळ आमच्याकडे आली आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. पहिलं वाक्य मला कळलंच नाही. दुसरं अर्धं कळलं. ती म्हणत होती, “तू हिच्या शेजारचा ना? तुझं नाव रोज ऐकते.”

 घशातला तो अडखळ, नाकातून जाणारा वारा, ते भरलेले स्वर. मी हे आवाज महिनाभर कानाला लावून, तुकडे करकरून बसवले होते. मला ते ताईपेक्षाही जास्त पाठ होते.

मी “हो, हो, बसा ना” असलं काहीतरी बोललो. आत्या तिसऱ्या रांगेत बसली. ताईनं माझं मनगट धरलं.

“गाळवाल्यांचा भाग लावू नकोस. मशीन बिघडलं सांग. काहीही सांग.”

मी प्रयत्न केला. तो भाग आला तेव्हा चित्र थांबवून म्हटलं, “साहेब, ही फाइल उघडत नाहीये.”

“अरे, तोच तर खरा हशा आहे!” साहेब स्वतः उठून आले, एक बटण दाबलं आणि फाइल उघडली. फाइलचा काही दोष नव्हताच.

सुरुवातीला ताईची ती हाक होती. पिलं हरवलेली. खोली शांत झाली. मागून मला आत्याची फक्त मान दिसत होती, ती ताठ झाली. मग नकलाकाराचे चोर आले, पडले, बडबडले आणि खोलीभर हशा उसळला. साहेब ताईकडे वळून म्हणाले, “बघ! बघ!”

त्याच क्षणी आत्यानं मागं वळून पाहिलं. आणि ताई साहेबांकडे बघून हसत होती.

खेळ संपल्यावर नकलाकार लोकांमधून फिरत कौतुक गोळा करत होता. आत्यापुढे येऊन वाकून म्हणाला, “काय मावशी, कसं वाटलं आमचं काम?”

आत्या म्हणाली, “छान केलंत. थोडं जास्त केलंत.”

त्याचा कान तर आमच्या सगळ्यांपेक्षा तयार. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मान मात्र खाली गेली. “चुकलं माझं,” एवढंच तो म्हणाला. आत्यानं त्याच्या हातातलं बिस्कीट घेतलं, खाल्लं, आणि ताईला खुणेनं सांगितलं, रिक्षा बघ.

दुसऱ्या दिवशी आत्या ताईच्या काकांकडे, दुसऱ्या गावी निघून गेली. ताईला फोन नाही. मेसेज यायचे. ‘पोचले.’ ‘बरी आहे.’ ताईनं फोन केला की उचलायची नाही, थोड्या वेळानं मेसेज, ‘काय काम होतं?’

आठवडाभर ताई कुणाशी नीट बोलली नाही. मग साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, आम्ही सगळे ऐकत नसल्याचं दाखवत होतो.

“गाळवाल्यांचा आवाज बदलायचाय,” ती म्हणाली. “तो माझ्या आत्याचा आहे. जन्मापासून टाळूला फट आहे तिच्या. मी तिचं बोलणं उचललं आणि दिलं.”

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी समोरचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, “अगं, मग मी ‘अजून नाकात’ म्हणत होतो तेव्हा का नाही बोललीस?”

 ताई आमच्यादेखत तिथं नुसती उभी राहिली, शाळेत बाकावर उभं करतात तशी.

आवाज बदलला. नकलाकारानं पुन्हा सगळं फुकट करून दिलं, आम्ही म्हणेपर्यंत थांबलाही नाही. आता गाळवाले दात वाजवून बोलतात. बरे आहेत. कुणाच्या लक्षात राहतील असे नाहीत. ताईची ती हाक मी स्वतः काढून टाकली आणि काढताना उगाच दोनदा ऐकली.

त्या दुपारी मी रेकॉर्डिंगच्या खोलीत टेबलाखाली वायर जोडत होतो. ताई आत आली, दार लावून घेतलं. मी उठायला लागलो तर म्हणाली, “बस रे. कुणी असलं की मला खोटं बोलता येणार नाही.” तिनं मेसेज पाठवला, ‘आवाज काढून टाकला. आता तरी उचल.’ मग फोन लावून टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला. या वेळी तो उचलला गेला.



“आत्या, सगळा काढून टाकला. आता कुठंच नाहीये तो.”

“का काढलास?”

“तुला वाईट वाटलं म्हणून.”

“आवाजाचं कुठं वाईट वाटलं मला?” आत्या म्हणाली. तिचं बोलणं मी इथं सरळ लिहितोय. तोवर माझा कान सरावला होता. “सुरुवातीला ती हाका मारत होती, ती तू ना?”

“हो.”

“मला वाटलं, पोरीनं घरातलं काहीतरी चारचौघांत नेलं. माझा ऊर भरून आला, खरंच. मग सगळे हसले. हसू देत. लोक हसतात, जन्मभर बघतेय. मी तुला शोधायला मागं वळले. तू पण हसत होतीस.”

ताई टेबलावरची वायर बोटाला गुंडाळत राहिली.

“लहानपणी दुकानात मी तोंड उघडायच्या आत तू बोलायचीस. मला वाटायचं, पोर मला सांभाळतेय. त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. तू स्वतःला सांभाळत होतीस. आणि आता आवाजच काढून टाकलास. म्हणजे परत तेच की गं.”

“आत्या, मी काय करू?” ताईचा आवाज फाटला. “तू सांग. मी काय केलं तर...”

“आता कुठं आहेस?”

“ऑफिसात. आतल्या खोलीत.”

“दार लावून?”

“...हो.”

“वाटलंच. जा बाहेर. ज्यांच्यात हसलीस त्यांच्यात बस आणि बोल माझ्याशी. नाहीतर ठेव फोन, मला कामं आहेत.”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी दार उघडलं.

ती बाहेर आली, आपल्या खुर्चीत बसली आणि फोन टेबलावर ठेवला, तसाच, स्पीकर चालू. चित्रकार होते, लिहिणारे होते, साहेब कॉफी घेऊन उभे होते. आत्या मोठ्यानं म्हणाली, “जेवलीस का?”

सगळी टाळकी वर झाली.

“जेवले,” ताई म्हणाली.

“काय जेवलीस? काल तरी काही केलं होतंस, की नुसता पाव? आणि मोरीचा नळ गळत होता तो बघितलास का? प्लंबरला सांग, वायसर नको लावूस म्हणावं, नळच बदल. मागच्या वेळी वायसर लावून गेला तो, आठ दिवस टिकलं नाही.”

ती थांबतच नव्हती. नळ, दूधवाला, गच्चीवरची टाकी, शेजारणीच्या मुलाचं लग्न. निम्मे शब्द लोकांना कळत नव्हते आणि प्रत्येकाला ते कुठं ऐकलेत ते कळत होतं. लिहिणाऱ्यांपैकी एकानं मान खाली घातली. साहेबांनी कॉफी प्यायची थांबवली. ताई “हो”, “बघते”, “नाही गं” म्हणत होती. तिचे कान लालबुंद झाले होते, मानेपर्यंत.

मी शेजारीच होतो म्हणून मला दिसलं. बोलता बोलता तिचा अंगठा फोनच्या कडेवरच्या बटणाकडे गेला. आवाज थोडा खाली आला. ताईनं डोळे मिटले. मग तिनं तो परत वर नेला, होता तिथपर्यंत, आणि म्हणाली, “हां आत्या, बोल. टाकीचं काय म्हणत होतीस?”