आधी किल्ला, मग पोहे

सोलापूरचा भुईकोट किल्ला कुणाचा, यावरून इतिहासात पुष्कळ लढाया झाल्या. आमच्या शुक्रवार पेठेत मात्र कुणालाच शंका नव्हती. किल्ला शेजारच्या अप्पांचा होता. कुर्डुवाडीच्या रेल्वेतून निवृत्त झाल्यावर या विधुर गृहस्थानं जणू किल्ल्यातच संसार थाटला. पेठेत कुणाकडे पाहुणा उतरला, की चहाचा कप खाली ठेवायच्या आत अप्पा त्याला तळ्याकाठच्या किल्ल्यात घेऊन गेलेच म्हणून समजावं. इतिहास ते घरातलं भांडण सांगावं तसा सांगत, आणि किल्ल्याच्या आत जो असेल तो ‘आपण’. बहामनी आत, तेव्हा बहामनी आपण. आदिलशाही आत शिरली, की तीच आपण. “मोगल खंदकापाशी आले. आपण काय करनार? दार लावून गप बसलो की,” हे ते इतक्या काकुळतीनं म्हणत, की ऐकणारा हळूच दाराकडे बघे. कालचा शत्रू आज आपला कसा, असं एकानं विचारलं, तर म्हणाले, “सून बी आदी परकीच असती की.”

हे सगळं रोज शेवटपर्यंत ऐकणारं माणूस एकच, त्यांची एकुलती लेक. तिच्या लग्नाची अप्पांना रात्रंदिवस काळजी, आणि ते जमू न देणारेही अप्पाच. मुलगी बघायला आलेल्यांना पोह्यांआधी किल्ला, हा त्यांचा रिवाज. दोन स्थळं किल्ल्याच्या दारातूनच ‘कळवतो’ म्हणून परस्पर स्टेशनवर गेली. ‘कळवतो’चा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो.

पंच्याहत्तर सालच्या सुमारास मंद्रूपचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, फोटो लेकीच्या मनात भरलेला. “अप्पा, आज किल्ला नको,” म्हणून तिनं हात जोडले. अप्पांनी मान डोलावली आणि पाहुण्यांना टांग्यातून थेट किल्ल्यावर नेलं. सोबत मी होतोच, जीव मुठीत धरून. भर उन्हात मुलाचे वडील अप्पांमागं सगळे बुरूज हिंडले. दारात येऊन त्यांनी टोपी झटकली. आता ‘कळवतो’ येणार, म्हणून मी मान खाली घातली.

“हे समदं जी पोरगी रोज ऐकती,” ते म्हणाले, “ती आमच्या घरात सुकानं नांदंल की. चला, सूनबाईच्या हातचं पोहं खाऊ.”

मला हसू आवरेना. परतीच्या वाटेवर अप्पांनी मात्र एकदाही किल्ल्याकडे वळून बघितलं नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, उद्या मला सगळा किल्ला पुन्हा एकदा दाखवा.

“उद्या नको,” अप्पा म्हणाले. “लगीन होईस्तवर घरीच बसीन म्हनतो. पोरगी जानार की रे आता.”