भावजींची मोटार आणि वाळ्याचा पडदा

माझे धाकटे दीर शरदचंद्र सात वर्षांचे होते, तेव्हा मी लग्न होऊन इंदूरच्या जुनी इंदूर वस्तीत आले. सासूबाई नव्हत्या. त्यामुळे दीर कमी, पोरगाच जास्त, असा तो मला आंदण मिळाला. तरी रीत म्हणून मी भावजीच म्हणायचे. नाक पुसतानासुद्धा, "भावजी, इकडे या."

पुढे ते होळकरांच्या मोटारखान्यात लागले. मग संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झालं आणि मोटारखान्यातली माणसं कमी केली, त्यात भावजी घरी बसले. बसले म्हणजे अंगणात, एका मोडक्या सरकारी मोटारीखाली. लिलावात ती घेतली तेव्हा तिला इंजिनच नव्हतं. ते त्यांनी महूहून आणलं, लष्करी ट्रकचं. नाना म्हणजे आमचे हे. ते म्हणाले, "शेळीच्या पोटात हत्तीचं काळीज घातलंय याने."

काळीज दणकट होतं, पण तापायचं. पाव तास चाललं की काटा लाल रेघेवर.

"पाणी गरम होऊन पुढच्या जाळीत येतं, वहिनी. तिथं वारा लागून गार व्हायला हवं," भावजी म्हणाले. "वारा जातोय कुठं तेच कळत नाही."

मग त्यांनी माझं अर्धं विणलेलं स्वेटर उसवलं आणि लोकरीचे वीतभर धागे रेडिएटरच्या जाळीला बांधले. इंजिन सुरू करून आम्ही दोघं समोर उकिडवे बसलो. मधले धागे पंख्याकडे आत ओढले गेले. कडेचे नुसते लोंबत राहिले आणि खालचे तर उलटे बाहेर, आमच्याकडे फडफडले.

"पाहिलंत? तापलेली हवाच फिरून पुढं येतेय!" त्यांना एवढा आनंद झाला, की जणू आजार कळला म्हणजे रोगी बराच झाला.

त्यांनी तुपाचे डबे कापून पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं, फटी बुजवल्या. रोज धागे बघायचे आणि रोज पत्रा कापायचा. बाविसाव्या दिवशी सगळे धागे आत वळले. माझं स्वेटर गेलं ते गेलंच.

नानांनी इकडे गिरणीत शब्द टाकला होता. "फिटरची जागा सोमवारपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत. शनिवारी सरकारी तपासणीत मोटार पास झाली तर टॅक्सी चालव. नाही तर मुकाट्यानं गिरणी." भावजींना त्या गिरणीच्या भोंग्यानंसुद्धा धडकी भरायची.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या हातावर दही घातलं. चैत्र सरत आलेला, ऊन आतापासूनच चावत होतं. खिडकीला आम्ही वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारायचो. खोली कशी माठासारखी व्हायची. तोच पडदा मी काढून आणला होता.

"हा जाळीवर बांधा. घर गार होतं, मोटार होणार नाही?"

भावजी थबकले. आमच्या घरात हातावर दही असताना 'नाही' म्हणत नसत, अपशकुन होतो. आणि सांगणारी मी. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, दही चाटलं आणि म्हणाले, "बरं, वहिनी."

पास करणारे साहेब पुढे बसले. गाडी भरलेली हवी, म्हणून मागे गव्हाची दोन पोती आणि मी. सिमरोलचा घाट इंदूरहून जाताना उतार, येताना चढ. साहेबांची अट एकच, "चढाई में बीच में रुकना नहीं."

उतारावर वाळ्याचा वास दरवळला. साहेब म्हणाले, "भिया, ये तो शाही सवारी है!" मी मागे अभिमानानं फुगून बसले.

चढ लागला तसा काटा हलला. गाडी सावकाश, समोरून वारा नाही, आणि पंखा जो थोडा वारा ओढेल, तोही पडदा आत जाऊ देईना. हे मला आता कळतं. तेव्हा मी म्हणाले, "पडदा वाळला असेल, पाणी मारू का?"

"नको, वहिनी. वारा अडलाय."

"मग थांबा ना! काढून टाकते मी."

"थांबलो की नापास."

काटा चढत होता. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. तो कुणाचंच ऐकत नव्हता. वर पोचायला दोन वळणं उरली तेव्हा झाकणातून वाफ उसळली आणि गाडी थांबली.

"साहब, वो पडदा मैंने लगवाया," मी म्हणाले.

"माँजी, गाड़ी तो गरम हुई ना? छह महीने बाद फिर लाइए." ते भले गृहस्थ होते. मागून येणाऱ्या लॉरीत बसून गेले.

भावजींनी पडदा सोडवला, घडी करून माझ्या मांडीवर ठेवला. गाडी निवल्यावर पाणी भरलं, वळवून घाटाच्या तळाशी नेली आणि पुन्हा चढवली. तीच पोती, तीच मी, डोक्यावर भर दुपार. काटा मधोमध उभा राहिला, शेवटपर्यंत. मी पाहिलं. पण माझ्या पाहण्यानं मोटारी पास होत नाहीत.

घरी नानांनी विचारलं, "काय झालं?"

मी तोंड उघडणार, तोच भावजी म्हणाले, "तापली. दादा, पोत्याला जरा हात लावता?"

सोमवारी भोंगा झाला. मी डबा दिला. दही मात्र आदल्या रात्री मी लावलंच नव्हतं.