एक बेल म्हणजे थांब

संपादक साहेबांना नमस्कार. तुमच्या मासिकात लोकांचे असले अनुभव येतात, ते आमची मालकीण मला वाचून दाखवते. आजवर दरवेळी मी एकच म्हणालो — पुढचं पान काढ. आमच्या मराठवाड्यात भानामतीच्या गोष्टी लई. कुणाच्या कपड्याला आपोआप आग लागते, कुणाच्या घरावर धोंडे पडतात… मी एकही मानली नाही. मी पत्र्याचं काम करणारा माणूस. पत्रा उन्हात तापला की वाजतो, निवला की वाजतो. आत कुणी बसलेलं नसतं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण पत्र्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

मजकूर सगळा माझा आहे. मालकीण सातवी पास, तिनं फक्त शुद्धलेखन बघितलं, तेही मी दाखवलं तिथंच.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात जी गेली त्यातलं एक, नाव लिहीत नाही. त्या काळी मी नांदेडला होतो, बसच्या अन् ट्रकच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात. मालकीण आणि आमची एकुलती एक पोरगी संगीता गावाकडं. संगी दहा वर्षांची. घरात मी स्वतः केलेली धान्याची पत्र्याची कोठी होती, माणसाएवढी उंच. ज्वारी सरली की संगी त्या रिकाम्या कोठीत उतरून बसायची आणि कोठीचं यान व्हायचं. तिच्या पुस्तकात यानाचं चित्र होतं. मी सुट्टीला गेलो की बाहेर उभा राहायचो.

"अप्पा, यान सोडा."

"बेल दे की मंग. बेलीबिगर गाडी सुटती व्हय?"

"यानात कंडक्टर नसतो अप्पा!"

"नसंल तुझ्या पुस्तकात. माझ्या यानात असतो."

एसटीच्या बॉड्या बांधणारा मी, मला दुसरं काय येणार. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल — कंडक्टरचा कायदा. मी बाहेरून पत्र्यावर दोन मारायचे, ती आतून तोंडानं घर्रर्र करायची. आतून एक आला की मी थांबायचो. नांदेडच्या गाडीला मला सोडायला यायची तेव्हा ठरलेलं विचारायची, "अप्पा, खऱ्याएवढं यान कवा करणार?"

"करून राहिलो की," मी म्हणायचो. करून राहिलो नव्हतो.

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला. सकाळी कळालं, एका ट्रकवाल्याचे पाय धरले आणि निघालो. पोचायला दुपार झाली. गाव नव्हतंच, नुसते दगडमातीचे ढीग. मालकिणीला लोकांनी बाहेर काढलं होतं, पाय मोडलेला, बाजेवर टाकलेली. "संगी आत हाय, कोठीला लागून झोपली व्हती, खणा," एवढंच म्हणत होती. मी आणि मेव्हणा आणि गावातली चारपाच माणसं हातानं दगड काढायला लागलो. कोठीच्या पत्र्याचा चेपलेला कोपरा दिसला. संगं आणलेली पहार ट्रकमध्येच राहिली होती. ती आणायला म्हणून मी उठलो, दोन पावलं गेलो असेन…

ठप.

एकच. पत्र्यावर. आतून.

"जित्ती हाय!" मी ओरडलो. परत फिरून वाकलो आणि त्या कोपऱ्यावर दोन ठोके मारले. म्हणजे, काढू का, चलायचं का? आतून एक. थांब.

आता माझी अक्कल ऐका. मला वाटलं, आपण दगड हलवतोय त्यानं तिच्या अंगावर माती पडत असणार, म्हणून पोरगी थांब म्हणतेय. मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

"कुणी हात लावायचा न्हाई! पोरगी स्वतः सांगून राहिली, थांबा. क्रेन येऊ द्या."

क्रेन निघाली असं एक जीपवाला सांगून गेला होता. मेव्हणा म्हणाला, "दाजी, येडे झालाव का? खणू द्या." त्याला मी ढकलून पाडलं. मालकीण बाजेवरून ओरडत होती, "तसं न्हाई ओ, तसं न्हाई! खणा!" दुखण्यानं बडबडतेय असं मी धरलं. माझा शब्द फिरत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. अभिमानच होता मला त्याचा. लोक दुसऱ्या ढिगांकडं गेले, माणसं सगळीकडंच अडकलेली. मी पत्र्याच्या कोपऱ्यावर हात ठेवून बसून राहिलो. बसलो होतो तोवर आतून आवाज आला नाही. मला वाटलं, तिचं ऐकलं म्हणून गप आहे.

दिवस मावळायच्या आत जवान आले. क्रेन नव्हतीच. त्यांनी मला बाजूला केलं आणि हातानंच दगड काढले. अर्धा तास लागला. माझ्या कोठीनं धोंडे पेलून धरले होते, पोरीला खरचटलंसुद्धा नव्हतं. हवा पुरली नाही. त्यांच्यातल्या डॉक्टरनं हात बघितला आणि म्हणाला, तासभर झाला असेल.

अर्धा तास लागला, साहेब.

मालकीण त्यावर मला कधी बोलली नाही. आम्ही लातूरला आलो. भूकंपवाल्यांसाठी पत्र्याची शेडं उभी राहत होती, काम भरपूर होतं. पुढं घर झालं, घराला लागून शटरचं गॅरेज झालं, लेकरू झालं नाही. कोठीचा तो चेपलेला पत्रा मी गावाहून आणून गॅरेजच्या भिंतीला उभा केला होता. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

मंग लातूर क्लासचं गाव झालं. चौकाचौकात पोरांचे फोटो अन् त्याखाली मार्क. आमच्या गल्लीत आता घरमालक कमी आणि भाड्यानं राहून शिकणारी पोरं जास्त. तिथल्याच एका क्लासचे सर एक दिवस माझ्याकडं आले. मोबाईलमध्ये फोटो दाखवला.

"मामा, असं कॉकपिट पाहिजे. यानाचं. खऱ्या मापाचं. आमच्या हॉलमध्ये ठेवायचंय, मुलं आत बसून फोटो काढतील."

"कॉक काय?"

"म्हणजे यान चालवणारा बसतो ती जागा."

"केबिन म्हणा की सरळ."

मी लगेच हो म्हणालो. खऱ्याएवढं… कुणी शिकवायची गरज पडली नाही. अँगलचा सांगाडा, वरून पत्रा, तो जोडायला रिबिटा, पुढं जाड प्लास्टिकची तिरपी काच, भंगारात काढलेल्या बसच्या दोन सीटा. मीटर जिथं मिळाले तिथून आणून बसवले. सर मध्ये एकदा बघायला आले.

"मामा, हे ट्रॅक्टरचं मीटर आहे. डिझेल लिहिलंय त्यावर."

"यानात काय पाणी टाकता व्हय?"

सर हसले. मीही हसलो, लई दिवसांनी.

पाठीमागच्या भिंतीला पत्रा कमी पडला. खरं सांगतो, कमी पडला नव्हता. कोठीचा तो चेपलेला पत्रा मी तिथं लावला. करून राहिलो म्हणालो होतो ना. मालकीण लंगडत येऊन बघून गेली. त्या चेपलेल्या जागेवरून हात फिरवला.

काम संपलं त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. थंडीचे दिवस, गॅरेजला ऊन लागत नाही. मी हात पुसले आणि चहाला घरात निघालो. दाराशी पोचलो —

ठप.

मी स्वतःशी म्हणालो, पत्रा. पण पत्रा वाजतो तेव्हा टण्ण करून ताण सोडतो. हा आवाज मुठीचा होता. परत येऊन सीटाखाली बघितलं, मागं बघितलं. उंदीर नाही, मांजर नाही. मंग, कुणी बघत नाही असं बघून, मी दोन ठोके मारले.

आतून एक.

तिथंच फरशीवर बसलो. मालकिणीला सांगितलं नाही. माझ्यासारख्यानं कोणत्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी सर टेम्पो घेऊन आले, संगं चार हमाल. त्यांनी यान उचललं, शटरपाशी नेलं आणि ठप… हमालांनीही ऐकलं. एकानं हातच सोडला.

"मामा, आत कोण हाय?"

"मांजर असेल, चला उचला," सर म्हणाले. उचललं. परत ठप. 

"उतरवा," मी म्हणालो. "यान जात न्हाई."

"मामा, उद्या उद्घाटन आहे माझं! पत्रिका वाटल्यात!"

"आसू द्या. पोरगी थांब म्हणती."

बोलून गेलो. म्हातारं फिरलं म्हणत सर गेले, त्यांचं चुकलं नाही. त्यांचे आलेले पैसे मी सगळे परत केले.

ते गेल्यावर मी विचार केला, आपण मानणारे नाही, तपासून बघू. हातोडा घेतला आणि त्या चेपलेल्या पत्र्याच्या बाजूला जोरजोरात ठोकलं. आवाज नाही. ड्रिल चालवलं, चार भोकं पाडली. नाही. सांगाडा गदागदा हलवला. नाही. हातोडा ठेवला आणि दाराकडं निघालो —

ठप.

परत आलो, ठोकलं, काही नाही. निघालो, ठप. चार वेळा केलं. चारही वेळा तेच. कामाला ती थांब म्हणतच नव्हती. मी निघालो की म्हणत होती.

आणि मला पहार आठवली. त्या दिवशी मी दगड काढत होतो तोवर आतून एक आवाज नव्हता. पहार आणायला उठलो, पाठ फिरवली, तेव्हा ठोका आला.

घराच्या दारात मालकीण उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे.

"माझ्याशी खेळायची तवा बी एकच मारायची," ती म्हणाली. "कोठीत अंधार असायचा ना. मी चुलीकडं निघाले की ठप. आई, जाऊ नको, हितंच थांब."

"तुला म्हाईत व्हतं?"

"तसं न्हाई, तसं न्हाई म्हणून वरडत व्हते की. तुमी ऐकलं का?"

"मंग मागनं कामून सांगितलं न्हाईस? इतकी वर्षं?"

"सांगून काय केलं असतं तुमी? जगला असता?"

मी यानात जाऊन सीटवर बसलो. ती आत येऊन बसच्या दुसऱ्या सीटवर बसली. म्हणाली, "ती थांबा म्हणाली, तुमी थांबला. उठून गेला न्हाई तितनं. तिला तेवढं तरी कळलं आसंल."

माझं समाधान व्हावं म्हणून बोलली. मला ते घेता आलं नाही. थांबायलाही हवं होतं आणि खणायलाही हवं होतं. दोन्ही एका वेळेला करता आलं असतं. मेव्हणा खणू द्या म्हणत होता, मीच खणू दिलं नाही.

आज या गोष्टीला दोन हिवाळे झाले. यान गॅरेजमध्येच आहे. मेव्हणा येऊन आत बसून गेला, मी उठलो तेव्हा त्यानंही ऐकलं आणि रडत घरी गेला. एक शिकलेला पाहुणा म्हणाला, जमीन हलत असेल, जवळून गाड्या जातात. मी त्याला म्हणालो, गाड्यांना काय माहीत मी कधी उठतो ते? पत्रा का वाजतो याचा खुलासा मी कुणालाही करून देईन. याचा होत नाही.

मालकीण म्हणते, "दोन द्या तिला आता. सुटू द्या यान. किती दिवस अंधारात बसवून ठेवताव?"

बरोबर म्हणत असेल. रोज मी पत्र्यावर मूठ धरतो. एकदा माझ्या मनानं तिच्या बेलीचा अर्थ लावला होता. आता मीच दोन देऊन तिला जा म्हणू? आणि ती अजून थांबाच म्हणत असेल तर? हात उठत नाही, साहेब.

माझी भाकर आता इथंच येते. हे सगळं मी यानातल्या सीटवर बसूनच लिहिलंय, अक्षर वाकडं आहे ते त्यानं. पाकीट टाकायला मालकीणच जाईल, पाय ओढत. मला जाता येत नाही. मी उठलो की बेल होते.