पत्रावळीपुरती पंगत

"ऊठ. दुष्काळ सरला आता."

अप्पांनी हे वाक्य मला भरल्या हॉटेलात ऐकवले. लातूर. सकाळची वेळ, बाहेर चिखल, आत गर्दी. मी भिंतीकडच्या बाकावर बसलो होतो. टेबलावर दोन्ही कोपर टेकलेले. सुशीला मागवली होती. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी दिली की आमच्या भागात तिला सुशीला म्हणतात. अप्पा, म्हणजे हॉटेलचे मालक, गल्ल्यावर होते. त्यांनी आवाज चढवला नाही. भजे कढईत सोडावे तितक्या सवयीने त्यांनी ते वाक्य माझ्याकडे सोडले आणि हनुवटीने दाराबाहेरचा कोनाडा दाखवला.

कोनाड्यात कान तुटलेला एक कप आणि पोचे पडलेली एक ताटली होती. ती आमच्यासाठी.

"तुझं हाय तिथं. धुऊन घे आन् भाईर बस."

मागच्या टेबलावरून कोणी तरी म्हणाले, "बसू द्या की अप्पा. टँकरवर राहून साहेब झालंय ते."

हॉटेल हसले. मला ओळखणारेही हसले.

इतक्या वर्षांनी मी हे मांडतो आहे, कारण या सकाळच्या दोन खोट्या हकिकती गावात फिरत आहेत आणि दोन्हींना साक्षीदार म्हणून माझे नाव लावले जाते. पहिली अप्पांच्या नातवाची. ती अशी, की दुष्काळात अप्पांनी जातपात मोडली आणि सगळ्यांना एका पंगतीत बसवले. दुसरी आमच्याच वस्तीतल्या तरुणांची. ती अशी, की मी तो कप अप्पांच्या पायाशी आपटून फोडला. पहिली ऐकून माझे डोके फिरते. दुसरी ऐकूनही फिरते. प्रेमाने सांगितलेले खोटेही खोटेच असते. मी दोघांनाही सांगून थकलो. एकाला संत हवा आहे, दुसऱ्याला वीर. घडले ते कोणालाच नको आहे.

घडले ते असे.

मी त्या काळी पाण्याच्या टँकरवर क्लीनर होतो. लग्न झालेला, अंगापिंडाने भक्कम गडी. टँकर चालवायचे रहीमभाई. चाकूरच्या बाजूला एक विहीर तळ राखून होती. तिथून भरायचे आणि लातुरात वाटायचे. अप्पांच्या हॉटेलच्या कडेला सिमेंटचा हौद होता. त्यात आम्ही रांधण्यापुरते, चहापुरते पाणी टाकत असू. पाइप खांद्यावर घेऊन हौदावर चढणारा मी, आणि तोंड धरून पाणी सोडणाराही मीच. पहिल्या धारेला माझे हात भिजत आणि तेच पाणी आत जाई. ते कोणाच्या घशात अडकले नाही.

दुष्काळाआधी मी त्या हॉटेलच्या दाराबाहेर उकिडवा बसत असे. कप कोनाड्यातून आपणच काढायचा. आतून कोणी तरी वरून पाणी ओतायचे, आपण विसळायचा, पुढे धरायचा, चहा वरूनच पडायचा. पिऊन पुन्हा विसळून जागेवर. आम्ही बौद्ध झालो होतो. कोनाड्याला ते कळवले गेले नव्हते.

मग पाणी आटले. ताटल्या धुवायला पाणी उरले नाही. अप्पा हिशेबी माणूस. त्यांनी ताटल्या पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या आणि पळसाच्या पत्रावळी आणवल्या. चहा कुंभाराकडच्या मातीच्या पेल्यात. खायचे, प्यायचे, फेकायचे. प्यायचे पाणी ज्याचे त्याने आणायचे. झाले. जिथे धुणेच नाही तिथे कोणाचे वेगळे धुवायचे?

एकदा मी हौदात पाणी सोडून दाराशी उकिडवा बसलो, तेव्हा वाढणाऱ्या गड्याने आतूनच हाक मारली, "आत ये की. भाईर कोण येरझारा घालंल?"

मी आत गेलो. बाकावर बसलो. पत्रावळ पुढे आली. अप्पांनी पाहिले आणि मान खाली घातली. इतकेच. त्यांनी बोलावले नाही. त्यांनी अडवले नाही. नातू ज्याला क्रांती म्हणतो, ती एवढी होती.

आणि तरी मला ती गोड लागली, हे मी लपवत नाही. संबंध दुष्काळ मी त्या बाकावर बसून खाल्ले. माझ्या शेजारी व्यापारी बसत, मास्तर बसत. एका मास्तरांनी मला त्यांच्या पत्रावळीतली मिरची दिली होती. आम्ही पावसाविषयी बोलत असू. पोटात आग, आभाळ कोरडे, आणि मी आतून ताठ होत चाललो होतो. घरी बायकोला म्हणालो, "बघ, माणसं बदलायलीत." ती म्हणाली, "पाऊस पडू द्या. मंग बघू." मला तिचा राग आला होता.

पाऊस पडला. विहिरींना पाणी चढले. नळ अजून सुरू झाले नव्हते, पण टँकरच्या खेपांना तोटा राहिला नव्हता. त्या सकाळी मी अप्पांचा हौद काठोकाठ भरला, हात पुसत आत शिरलो आणि रोजच्या बाकावर बसलो. टेबलांवर पितळी ताटल्या आल्या होत्या. घासूनपुसून लख्ख. मी त्या पाहिल्या आणि मला आनंद झाला. मूर्ख आनंद. माळ्यावरून ताटल्या उतरल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी काय उतरले हे मला दिसले नाही.

मग ते वाक्य. ऊठ. दुष्काळ सरला आता.

मी उठलो. इथून पुढे वस्तीतले तरुण कप फोडतात. मी फोडला नाही. कोनाड्यातून तो काढला आणि थेट हौदाकडे गेलो. वरून ओतायला कोणाला बोलावले नाही. मनगटापर्यंत हात पाण्यात घातला, कप विसळला, भरला. आत येऊन गल्ल्यावर अप्पांच्या पुढ्यात ठेवला.

"प्या अप्पा."

"याड लागलं का रे? हौद बाटवलास माझा!"

"रोज कोन भरतंय तुमचा हौद?"

"ते पायपातलं. वाहत्या पाण्याला विटाळ न्हाई."

"हे बी पायपातलंच हाय. आत्ताच सोडलंय. प्या."

गल्ल्याच्या वर एका थोर पुरुषाची तसबीर होती. जात मोडायला निघालेल्या पुरुषाची. अप्पा रोज सकाळी तिला फूल वाहत. त्यांनी तसबिरीकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले नाही. कपाकडे पाहत राहिले. आता कोणी हसत नव्हते. मिरची देणारे मास्तर तिथेच होते. ते आपल्या ताटलीत काही तरी शोधत होते.

दारात रहीमभाई आले. "चल रे," ते म्हणाले. "गाडी चालू है. इनकू पीना नै आता."

मी निघालो. कप गल्ल्यावर सोडून. मुद्दाम अखंड सोडून. फुटलेला कप केरात जातो आणि विषय मिटतो. तो भरलेला कप अप्पांना स्वतःच्या हाताने उचलावा लागणार होता, नाही तर दुसऱ्या कोणाला तरी उचलायला सांगावे लागणार होते. ते मला हवे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या रस्त्याने गेलो, तेव्हा हौदाचे तळाचे बूच काढलेले होते. पाणी रस्त्यावर वाहत होते. सगळे पाणी. ज्या माणसाने दुष्काळभर ताटली विसळायला तांब्याभर पाणी खर्चले नाही, त्याने काठोकाठ भरलेला हौद गटारात सोडला. बायाबापड्या थांबून पाहत होत्या. एकीच्या डोक्यावर रिकामी घागर होती. ती कोणाला तरी विचारत होती, "काय पडलं वो हौदात? उंदीर का?"

माझा हात पडला होता.

त्या क्षणी मला कळून चुकले. पत्रावळीवरचा तो सारा काळ मी ज्याला बदल समजलो, ती निव्वळ अडचण होती. अडचणीने दिलेली जागा अडचण संपली की परत मागितली जाते. अप्पा गटारापाशी उभे राहून रहीमभाईंना हात करत होते. हौद पुन्हा भरायचा होता. मी पाइपला हात लावला नाही. "मी न्हाई भरत," म्हणालो. रहीमभाईंनी टँकर पुढे काढला. टँकरच्या ठेकेदाराने आठवडा उलटायच्या आत मला कामावरून काढले. मी नांदेडला जाऊन एका खानावळीत भट्टीपुढे उभा राहिलो आणि रांधायला शिकलो. स्वतःची जागा होईपर्यंत कुठल्याही हॉटेलात बसून खाल्ले नाही. भाकरी फडक्यात बांधून नेत असे.

पुढे लातूरचा वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, गावोगावची माणसे आली, आणि त्या माणसांना जेवण हवे होते. मीही परत आलो. मोक्याची जागा पाहून खानावळ टाकली. पाटी रंगवणारा म्हणाला, "देवाचं नाव टाकू का? देवाच्या नावावर गिऱ्हाईक येतंय." मी म्हणालो, "माझं टाक. आडनावासकट." लोक पाटीपर्यंत येत, वाचत आणि चप्पल विसरल्यासारखे मागे वळत. एक जण पोटभर जेवला, पाटी नंतर वाचली आणि म्हणाला, "आधी सांगायचं न्हाई का?" मी म्हणालो, "हातभर अक्षरात सांगितलंय. वाचता येत न्हाई का?" त्या पाटीने माझी अर्धी गिऱ्हाइकी खाल्ली. मी पाटी बदलली नाही. उरलेल्या अर्ध्यावर मुले शिकली.

अप्पांचा कोनाडाही त्याच सुमारास रिकामा झाला. कशाने? पश्चात्तापाने नव्हे. नव्या कचेरीतला कोण कुठला, कोणत्या जातीचा, हे चेहऱ्यावरून कळेना. बाहेर बस म्हणावे आणि तो साहेब निघावा! दुष्काळाने पत्रावळ आणली, जिल्ह्याने कप घालवला. यात अप्पांचे कर्तृत्व कोणते ते नातवाने मला समजावून सांगावे.

नातू मागच्या आठवड्यात घरी आला. मुलगा वागायला नम्र आहे. पेढे आणले, पाया पडला. हॉटेल नव्याने बांधले आहे. आतल्या भिंतीवर मोठे चित्र काढले आहे: पत्रावळींची रांग, नाना तऱ्हेची माणसे, आणि वाढणारे अप्पा. खाली अक्षरे, 'दुष्काळातली एक पंगत'. उद्घाटनाला मी मंचावर बसावे.

"आता तुमच्याबिगर त्या काळचं कोन उरलंय, बाबा?" तो म्हणाला. "रहीमचाचा गेले. भाषण करू नका. मी इचारीन, पंगत बसायची ना? तुमी नुसतं हाव म्हणा."

मी विचारले, "कोनाडा हाय का अजून?"

"कोन्ता कोनाडा?"

"दाराभाईरचा."

"तो बुजवला. वर फरशी लावली. का बरं?"

मी त्याला सगळे सांगितले. हौदासकट. त्याने खाली मान घालून ऐकले; तशीच मान त्याच्या आज्यानेही घातली होती. मग म्हणाला, "जुनं हाय वो बाबा. लोक जेवायला येतेत तिथं. घास कडू कशाला करायचा?"

माझा घास कडू झाला तेव्हा कोणी हे विचारले नव्हते. त्याचे पेढे मी परत दिले. निमंत्रण ठेवून घेतले.

मी जाणार आहे. मंचावर नाही. त्या भिंतीकडच्या बाकाच्या जागी आता जी काही खुर्ची असेल तिच्यावर बसणार आहे, टेबलावर दोन्ही कोपर टेकून. नातू विचारील, पंगत बसायची ना? मी हाव म्हणेन. बसायची. दुष्काळाने बसवली होती. आणि मग ती कोणी उठवली तेही सांगेन, नाव घेऊन, त्या चित्राकडे बोट करून. टँकरवरून ओरडलेला हा आवाज आहे, त्याला माईक लागत नाही. कोणी म्हणेल, बाबा, बोलायचे तर उभे राहून बोला.

उभा राहणार नाही. त्या हॉटेलात मला एकदा उठवले आहे. आता जे सांगायचे ते बसून सांगणार.