जुन्या लग्नपत्रिका आणि कोल्ह्याचा उतारा

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी नूतन हत्तीमारे लालबर्र्याजवळच्या आपल्या ओसरीत मुलांना वाचायच्या सरावासाठी जुन्या लग्नपत्रिका वाटत होती. तिच्या वाचनवर्गाला एका कंपनीने पैसा लावला आहे. इथल्या हिंदी शाळेतली तिसरीची मुलं हिंदी उतारा वाचू लागली तर एक संस्था तो पैसा कंपनीला नफ्यासह परत करणार, नाही तर तो बुडाला. शिकवायचं कसं, ते कोणी विचारत नाही. आधीच्या योजनेत नूतन सात रजिस्टरं भरायची. मुलांना वाचता येतं का, एवढंच कोणी विचारलं नव्हतं.

आता तेवढंच विचारतात. परीक्षा उद्यावर आली होती आणि वर्गातली ओवी सरावाच्या, कोल्ह्याच्या उताऱ्यात दुसऱ्याच ओळीवर अडकत होती. निकाल घसरला तर नूतनचं कामही जाणार होतं.

पर्यवेक्षक वीरेंद्रने मोटरसायकल बंद न करताच उपाय सांगितला. "नूतनताई, तिले उद्या मामाकडे धाडा. गैरहजर पोट्टी मोजणीत येत नाई."

"अन् परवा वाचायले लागन का?"

"परवाचं कोन मोजते?"

तेवढ्यात ओवीने हातातल्या पत्रिकेवर छापलेली बोबडी ओळ मोठ्याने वाचली, "मेरे चाचू की शादी में जलूल आना." मग बोट खाली सरकवून जेवणाची वेळही तिने न अडखळता वाचली.

"ऐकलं का भाऊ? कोल्ह्याच्या लग्नाची पत्रिका छापून आना, पोरगी सगळी वाचते."

"काम गेलं तं मले नका सांगू," म्हणत वीरेंद्र निघाला.

नूतनने ओवीच्या आईला निरोप दिला: उद्या तिला न्यायला मीच येते. परीक्षा साडेदहाला आहे. यादीत ओवीचा नंबर अकरावा आहे.